खाली ऐकू जाणार नाही अशी सायकल

प्रिय दादा,

पत्राची सुरुवात अशी करतात म्हणून 'प्रिय' लिहिलंय, त्यातून भलता अर्थ काढू नकोस. सोळा पायऱ्या उतरून हे पाकीट मी तुझ्या दाराखालून सरकवणार आहे आणि उद्या सकाळी आठच्या आत ते तू शेवटपर्यंत वाचायला हवंस. फाडायचं असेल तर त्यानंतर खुशाल फाड. तू कुठलाही कागद पहिल्या चार ओळी वाचून बाजूला टाकतोस हे मला जन्मापासून ठाऊक आहे, म्हणून आधीच बजावते. या वेळी तसं केलंस तर नुकसान तुझं होईल, आणि ते भरून निघणारं नसेल.

सायकलीपासून सुरुवात करते, कारण गेल्या दीड महिन्यात तुझ्या-माझ्यात जे काही झालं ते तिच्यावरूनच झालं. हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर पडून माझा गुडघा फुटला. वहिनी चार वेळा डबा घेऊन वर आल्या. तू एकदाही आला नाहीस, आणि ते मी विसरणार नाही. हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं, रोज दोनदा वीस-वीस मिनिटं सायकल चालवा, रस्त्यावर नको, घरातच एका जागी. दोन महिन्यांत गुडघा नीट वाकला नाही तर पुन्हा भूल देऊन तो जोर लावून वाकवावा लागेल. व्यायामाची तयार सायकल आपल्या जिन्याच्या वळणातून वर येईना. बावीस वर्षं जिच्यावरून कामाला गेले ती माझी सायकल मात्र वरच होती. म्हणून मी तिचं मागचं चाक उचलून धरणारा स्टँड आणला. चाक एका लोखंडी रुळावर टेकतं, आपण पायडल मारायचं, रूळ फिरतो, सायकल जागची हलत नाही.

पहिल्या दिवशी तिसऱ्या मिनिटाला तू झाडूच्या दांड्याने छत ठोकलंस. संध्याकाळी जिन्यात तुझ्या गॅरेजच्या कार्डाच्या पाठीवर लिहिलेली चिठ्ठी सापडली, 'वर गिरणी काढली आहे का?' चार वर्षांत तू मला लिहिलेलं हे पहिलं वाक्य. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. गुडघा माझा, मजला माझा, आईने कागदावर लिहून दिलेला, आणि चाळीस वर्षं अंगणात इंजिनं घरघरवणारा माणूस मला आवाजाबद्दल शिकवणार! चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

मग मी हॉस्पिटलातून आवाज मोजायचं यंत्र घरी आणलं. दोन माणसांनी शांतपणे बोलावं इतकाच आवाज भरला. आकडा कागदावर लिहून, खाली दोन रेघा मारून तो तुझ्या दारात टाकला. तुझं उत्तर आलं, 'तुझा आकडा वरचा आहे. मी खाली राहतो.'

हे आता लिहिताना जड जातंय, पण लिहिते. तुझं बरोबर होतं. लोकांचे कान तपासण्यात माझी सव्वीस वर्षं गेली. हवेतून येणारा आवाज वेगळा आणि हाडातून येणारा वेगळा, हे मी दिवसातून वीस पेशंटना समजावते, कानामागे कंपन करणारी चकती लावून दोन्ही वेगवेगळे मोजते. आणि घरी आल्यावर हवा तेवढी मोजली! घरालाही हाडं असतात हे तुला कळलं, मला नाही. कळलं म्हणजे कसं, तेही वहिनींनी सांगितलं. तू स्टुलावर चढून लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक छताला टेकवलंस आणि मुठीला उजवा कान लावलास, इंजिनाला लावतोस तसा. दुसऱ्या दिवशी चिठ्ठी आली, 'चाकाचा आवाज कमी, फरशीचा जास्त. मागचा डावा पाय डुगडुगतो. खोलीच्या मधून उचल, तुळईवर घे.' मी खाली बसून पाहिलं तर स्टँडच्या डाव्या पायाचं रबर खरंच फाटलेलं. इतका राग आला की मी तो मुद्दाम तसाच ठेवला.

पण तुझ्या ठोकण्याने माझा व्यायाम बाराव्या मिनिटाला बंद पडायला लागला, आणि डॉक्टरांनी दिलेली मुदत काही थांबली नव्हती. शेवटी काठी टेकत सायकलच्या दुकानात गेले. दुकानदार म्हणजे एक काटकुळा, बोलका गृहस्थ. त्याने आधी पंख्याचा स्टँड दाखवला, जितकं जोरात पायडल माराल तितका वारा अडवतो म्हणे. तो सुरू केल्यावर त्याला स्वतःलाच ओरडून बोलावं लागलं. मग तेलाचा दाखवला. तो बरा होता, पण चाक रुळावर घासायचं ते घासायचंच. शेवटी आतून एक काढलं, त्यात मागचं चाक काढूनच टाकायचं आणि साखळी सरळ यंत्रावर चढवायची. टायरच नाही तर घासणार काय? तो म्हणाला, "मॅडम, खालचे लोक वर येऊन विचारतील, हल्ली सायकल बंद केलीत का?" मी म्हटलं, खालचे लोक वर येत नाहीत. तो हसला, मी नाही हसले. त्याच्याकडून जाड रबराची चटई घेतली, साखळीला तेल घालून घेतलं आणि यंत्र तुळईवर बसवलं, तू सांगितलंस त्याच जागी. तुझ्या चिठ्ठ्यांवरून मी ते निवडलं, एवढंच कबूल करते. आभार मानत नाही.

सोमवारी ते बसवलं. त्या संध्याकाळी ठोकणं नाही. मंगळवारी नाही, बुधवारी नाही. वीस मिनिटं पूर्ण झाली, गुडघा वाकायला लागला, आणि मी जिंकले म्हणून एकटीच वर बसून चहा प्यायले. चार वर्षांत तुझ्याशी एकही भांडण जिंकले नव्हते. आईचं तर नाहीच नाही.

आईचं आज काढते, कारण तू ते कधी काढणार नाहीस. आईला ऐकू येत नाही असं मी म्हणाले की तू म्हणायचास, ती ऐकून न ऐकल्यासारखं करते. मी तपासणीला ने म्हटलं तर म्हणालास, तुझ्या यंत्रांना काय कळतंय, माझा कान मला सांगतो. तुझा कान! गावभर त्याचं कौतुक, म्हणून तो आईचंही निदान करणार. शेवटची दोन वर्षं ती कोणी काही बोललं की मान हलवायची आणि 'हो, हो' म्हणायची. तिला भूक लागली का विचारलं तरी हो, दुखतंय का विचारलं तरी हो, मला ओळखलंस का विचारलं तरी हो. ती गेली त्या दिवशी सगळ्यांसमोर मी तुला म्हणाले, तू तिला मुकी करून मारलंस. तेव्हापासून तू माझ्याशी बोलला नाहीस. मी ते शब्द मागे घेत नाही. सगळ्यांसमोर बोलायला नको होते, एवढंच.

शुक्रवारी वहिनींचा फोन आला, लेकीकडून. म्हणाल्या, "अगं, हे फोनच उचलत नाहीत. काल उचलला, तर मी काहीही विचारलं तरी 'बरंय, बरंय' म्हणत होते. काही बिनसलंय का?" मी म्हटलं, त्यांचं आणि माझं कायमच बिनसलेलं आहे, मला काय विचारता. फोन ठेवला आणि पायडल मारत बसले. यंत्र इतकं शांत आहे की अंगणातलं सगळं ऐकू येतं. त्यामुळे खाली तुझं दार कोणीतरी बडवतंय हे मी पाच मिनिटं ऐकलं. गॅलरीतून पाहिलं तर पार्सलवाला होता. कंटाळून तो पायरीवर खोकं ठेवून गेला. तुझ्या खिडकीत दिवा होता आणि तू समोरच बसला होतास.

शनिवारी सकाळी ती निळी गाडी आली. तू इंजिनाला स्क्रू-ड्रायव्हर टेकवलास, मुठीला उजवा कान लावलास. मग डावा लावलास. तो तर तुझा तिशीतच गेला, हवेची टाकी फुटली तेव्हा. तुला त्या कानाने इंजिन ऐकताना मी कधी पाहिलं नव्हतं. पुन्हा उजवा लावलास, डोळे मिटलेस, बराच वेळ तसाच उभा राहिलास. आणि बॉनेट लावून त्या माणसाला सांगितलंस, आवाज ठीक आहे. दादा, मला इंजिनातलं ओ की ठो कळत नाही, पण आतली टकटक मला वर गॅलरीत ऐकू येत होती. गाडी फाटकाबाहेर गेली तरी येत होती.

तरीही मनात म्हटलं, नसेल. सुंभ जळला तरी पीळ न सोडणारा माणूस, मला खिजवायला हेही करेल. म्हणून काल दुपारी मी सायकलीचं मागचं चाक परत बसवलं आणि जुना लोखंडी रुळाचा स्टँड काढला. खोलीच्या बरोबर मधे, तुझ्या खुर्चीच्या डोक्यावर लावला. खाली चटई नाही, फाटक्या रबराचा पाय तसाच. सगळ्यात जड गिअर टाकला आणि गुडघ्यातून कळ येईपर्यंत पंचवीस मिनिटं मारला. वरच्या कपाटातली भांडी वाजत होती. मग जिन्याच्या वळणावर येऊन खिडकीतून पाहिलं. तू पेपर वाचत होतास. कपाळाला आठीसुद्धा नव्हती. मी तिथेच पायरीवर बसले. माझ्या पेशंटला मी आवाज देते, त्याला ऐकू आला की तो बटण दाबतो. दीड महिना मी वरून आवाज देत होते आणि तू दांड्याने बटण दाबत होतास, रोज, न चुकता. ते बंद झालं त्याचा मी आठ दिवस आनंद मानला. ज्या बाईचं पोट यावर चालतं, तिने!

म्हणून काल संध्याकाळी तुझ्या दारात आले होते. तुला वाटलं असेल भांडायला आले. बेल वाजवून उपयोग नव्हता, खिडकीत हात हलवला तेव्हा तू दार उघडलंस. चार वर्षांनी मी तुझ्याशी तोंडाने बोलले. विचारलं, "दादा, कधीपासून?" तू माझ्या ओठांकडे पाहिलंस, मान हलवलीस, म्हणालास, "हो, हो." आणि दार लावलंस. हे पत्र त्यासाठी आहे. बोलून पोचत नाही म्हणून लिहितेय, मन द्रवलंय म्हणून नाही. कान असा एकाएकी जातो तेव्हा औषध लवकर पोटात गेलं तर पुष्कळदा परत येतो, कधी पूर्ण, कधी अर्धा. दोन आठवडे उलटले की डॉक्टरही फारसं काही देऊ शकत नाहीत. तू शेवटचं छत ठोकलंस त्याला आज नऊ दिवस झाले. उद्या सकाळी साडेआठला रिक्षा फाटकाशी उभी असेल. पहिला नंबर तुझा लावलाय, तपासणी झाल्याबरोबर कानाचे डॉक्टर तुला बघणार आहेत, त्यांच्याशी बोलले आहे. वहिनींना अजून कळवलेलं नाही, ते तू ठरव. तुला बंद खोलीत बसवून मी काचेपलीकडे बसणार, माझ्या चेहऱ्याकडे बघून काही कळणार नाही, मी खाली मान घालून लिहीत असते. तुझ्यासारखे मानी लोक तिथे लबाडी करतात. काही ऐकू येत नसलं तरी अंदाजाने बटण दाबत राहतात. तू तसं करू नकोस. ऐकू आलं तरच दाब. नाही आलं तर नुसता बसून राहा, मी थांबेन.

तुझीच, त्याला इलाज नाही,
ठमी