दारामागची बंद छिद्रं

प्रिय वृषाली,

तू डिझाइन काढलेली गाडी कशी वाटली, हे तू फोनवर विचारलंस की दरवेळी मी फोन तुझ्या मायच्या हातात दिला. सभेत समोरच्याला बोलू न देणारा तुझा बाप गप्प बसला, तेव्हाच तुला शंका आली असेल. रविवारी पर्वत पाटिया भागातल्या हॉलमध्ये आपल्या खानदेशी समाजाने तुझा सत्कार ठेवलाय. स्टेजमागे त्या गाडीचा हॉलभर रुंद फोटो, आणि मुख्य वक्ता मी. समाजाचा सेक्रेटरी धर्मेंद्र रोज घरी येतो. "काका, पोरीनं सुपरकार काढलीय, आता तुमचा आवाज निघू द्या!"

गाडी मी नीट पाहिली. एका हिरेवाल्याने ती घेतलीय असं कळलं, म्हणून वेसू भागात त्याच्या बंगल्यापाशी जाऊन तिच्याभोवती फिरलो. वॉचमनने हटकलं. म्हटलं, माझ्या मुलीने काढलीय ही. तो हसला. "काका, पानी पी लो, धूप बहुत है." समोरून गाडी दातओठ खाते. अंगावर वीतभर जागा मोकळी नाही, जिथे बघावं तिथे खाच, कंगोरा, पातं. तू लहान असताना अठवा लाइन्सला जुन्या गाड्या बघायला गेलो होतो. तिथली ती लाल, दोन सीटची स्पोर्ट्स कार! लांब बॉनेट, गोल दिवे आणि पुढच्या चाकावरून मागपर्यंत वाहत गेलेली एकच रेघ. तू म्हणालीस, "आप्पा, उभी आहे तरी पळतेय." त्या एका वाक्यावर मी तुला चित्रकलेला घातलं. नातेवाईक म्हणत होते, पोरीला बी.एड. करू द्या. तुझी गाडी पळत असली तरी भांडायला उभी राहिलेली दिसते.

म्हातारा जुन्याचेच गोडवे गाणार, असं म्हणू नकोस. वाऱ्याचा दाब, इंजिनाचा ताप, अपघाताचे नियम, सगळं मिळवून वाचलं. गरजेपोटी पाडलेल्या छिद्राला मी नावं ठेवत नाही. पण तूच सांगितलंस ना, दारामागची दोन छिद्रं आतून बंद आहेत? "आप्पा, साहेबांना तिथे सपाट नको होतं." कडोदऱ्याच्या प्रिंटिंग मिलमध्ये साड्यांची डिझाइनं काढताना मीही हेच ऐकत आलो. "भाई, जग्या खाली ना राखो!" मोकळी जागा दिसली की शेठला कापड फुकट गेल्यासारखं वाटे. त्या भरगच्च साड्या धडाधड खपल्या. सुंदर मात्र नव्हत्या. मायने गाडीचा फोटो खूप वेळ पाहिला आणि विचारलं, "यामा आपली वृषालीना हात कोठे शे?" मला दाखवता आला नाही. जीव तुटतो तो यासाठी, की तुझा हात काय करू शकतो ते मला ठाऊक आहे.

म्हणून हे पत्र. रविवारी मी बोलणार नाही. माझ्याऐवजी समाजातलाच रामदास बोलेल, छान बोलेल, त्याला गाडी मनापासून आवडलीय. मिलच्या संपात नोकरी गेली तरी माइकसमोर मी न पटलेलं बोललो नाही. पहिलं खोटं तुझ्याच सत्कारात बोलायचं, हे माझ्याने होणार नाही. तू चिडशील. चीड, पण ये. बाप का गप्प, असं लोक विचारतील, तेव्हा तुला वाटेल ते सांग. तुझं नाव पुकारलं की पहिल्या रांगेत सगळ्यांच्या आधी मी उभा राहीन आणि हात दुखेपर्यंत टाळ्या वाजवीन. त्या गाडीसाठी नसतील, हे हॉलमध्ये फक्त तुला माहीत असेल.

रागावलीस तरी तुझाच,
आप्पा