इतिहासाला गिलावा

प्रिय ताईस,

धाकट्या भावाचा नमस्कार. भाऊजींची पाठ कशी आहे? नव्या गादीने ती सुधारेल असं आईला वाटत नाही, पण हे त्यांना सांगू नकोस. मी बरा आहे (कान सोडून). येत्या रविवारी तू आईला परत तुझ्याकडे न्यायला येणार, आणि त्याआधी माझं नवं भाड्याचं घर तिला राहण्याजोगं आहे की नाही ते खरं खरं कळवायचं, असा तुझा हुकूम. कळवतो.

भिंतीला पोपडे असले की भाडं कमी होतं, अशी आपली अडाणी समजूत. तेच पोपडे काचेखाली ठेवून वर दिवा सोडला की त्यांना इतिहास म्हणतात आणि भाडं वाढतं. घराचं नूतनीकरण करताना मालकाने बैठकीच्या भिंतीवर असा हातभर इतिहास राखला होता. (‘होता’ म्हणतोय, लक्षात घे.) स्वयंपाकघर कपाटात आहे, दार लावलं की दिसत नाही, वास मात्र अंथरुणापर्यंत सोबत करतो. न्हाणीघराचं दार काचेचं, त्यामुळे आत कोण आहे हे विचारावं लागत नाही. जाहिरातीत ‘जिवंत वस्ती’ लिहिलं होतं, त्यात मात्र खोट नाही. खाली घरमालकाचंच कॉफीचं दुकान, समोर तुतारी शिकवणारे मास्तर (विद्यार्थी एकच, सूर त्याहून कमी), आणि जुनी वस्ती दाखवणारा गाईड रोज सकाळी पर्यटकांचा घोळका घेऊन नेमका माझ्या खिडकीखाली कर्ण्यातून ओरडतो.

आई आली आणि त्या पोपड्यांपुढे उभी राहून हळहळली. गवंडी काम अर्धवट टाकून पळाला आणि मी भोळसटाने वर काच लावून घेतली, असा तिचा निष्कर्ष. मी समजावलं. तिने मान डोलावली. आई मुकाट मान डोलावते तेव्हा पुढे काय होतं, हे तुला मी काय सांगावं! मी ऑफिसात असताना तिने शेजारच्या इमारतीवर काम करणाऱ्या गवंड्याला हाक मारली, चहा पाजला, आणि संध्याकाळपर्यंत इतिहासाला गुळगुळीत गिलावा झाला. काच तिने पुसून पलंगाखाली ठेवलीय. मालक आला, त्याच भिंतीला हात टेकणार एवढ्यात ‘ओली आहे हो’ म्हणून आईने त्याला खुर्ची दिली. महिनाअखेर घर खाली करा, एवढंच बोलून तो उतरला.

मी खोकी जमवायला लागलो. आई खिडकीत बसून गाईडचं ऐकत होती. तिसऱ्या दिवशी तिला राहवलं नाही. “अरे बाळा, नुसती सालं काय सांगतोस? माणसं सांग की!” असं म्हणून तिने आपल्या आजोबांनी अळणी भाजीपायी ताट विहिरीत कसं भिरकावलं आणि आजीने दुसरं वाढायला कसा नकार दिला, ते साग्रसंगीत ऐकवलं. गाईडला वाटलं, हे याच इमारतीच्या मूळ मालकाचं! त्याने कर्ण्यातून सगळ्यांना सांगितलं. आईनेही दुरुस्ती केली नाही. आता पर्यटक इथे तासभर रेंगाळतात, विहीर शोधतात, गटाराच्या झाकणाचे फोटो काढतात आणि दमून मालकाच्या दुकानात बसतात. परवा मालक स्वतः कॉफी घेऊन वर आला. आजी खिडकीत बसतात तोवर घर तुमचंच, म्हणाला.

एकूण काय, घर राहण्याजोगं मुळीच नाही. भाचीला पापा.

तुझा, रस्त्यावर येता येता वाचलेला,
भाऊ

ता. क. तेव्हा रविवारी आईला नेऊ नकोस. नेलंस तर मला खोकी बांधावी लागतील. भाऊजींना माझ्या वतीने काहीही कारण सांग.

ता. क. पुन्हा : वरचा ता. क. आईने वाचला आणि रागावली. माझ्या भाड्यासाठी ती राहतेय असं तुला वाटेल, म्हणाली. मग मीच विचारलं, ताईकडे जायचंय का, तिथे किती शांतता असते. “शांतता आहे रे,” म्हणाली, “ती सगळी कामाला गेली की दिवसभर माझ्याशी फक्त लिफ्ट बोलायची. तीही कितवा मजला आला एवढंच.” ताई, रविवारी ये, पण राहायला ये.