बहिणींच्या सह्या

१७ फेब्रुवारी, सोमवार

उद्या परत कुपवाड! गुडघे म्हणतात बास, विश्वजित म्हणतो मॅडम तुम्हीच जा. विश्वजित म्हणजे आमच्या गृहकर्ज कंपनीचा ब्रँच मॅनेजर, वय चौतीस. त्याला काय जातंय म्हणायला.

धनाजी पाटोळेची गृहकर्जाची फाइल अडकलीय. कुपवाडात लेथवर काम करतो. घर वडिलांच्या नावावर, आईवडील दोघंही वारलेले, वारस दोनच – धनाजी आणि त्याची थोरली बहीण राजेश्वरी. बहिणीनं हक्कसोडपत्र दिलं की कर्ज मंजूर. म्हणजे तिनं लिहून द्यायचं, वडिलांच्या घरात मला हिस्सा नको. आणि ते तिच्या गळी उतरवायला मी. अठ्ठावीस वर्षं हेच! "शिर्के मॅडम गेल्या की सही येते." कराड ब्रँचच्या पहिल्या साहेबांना माझा हा गुण सापडला आणि तेव्हापासून पाठ सुटली नाही.

३१ मार्चला रिटायर. दिवस मोजत नाही म्हणते, पण मोजते.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

कर्ज मिळणारच म्हणून ह्या शहाण्यानं घराची पुढची बाजू आधीच पाडून ठेवलीय. ताडपत्री लावून संसार चाललाय. मागे एक खोली शाबूत आहे, तिथे राजेश्वरी आणि तिची दहावीतली मुलगी. नवरा चार वर्षांपूर्वी गेला, सासरच्यांनी घराबाहेर काढायला वर्षश्राद्धाचीही वाट बघितली नाही. बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजात निवडणीला जाते. तिथून नुकतीच आली होती, हात धुवून समोर बसली.

मी माझं नेहमीचं सुरू केलं. कागद फक्त कंपनीसाठी असतो बघा. कागदानं माहेर तुटत नाही. आणि शेवटी ठेवणीतलं – मीसुद्धा दिलंय माझ्या भावाला. ते खरं आहे. कराडच्या घराचं, ९९ साली, हसत दिलं. मला नोकरी होती, ह्यांचा फ्लॅट होता. हे मी कुणाला सांगत नाही.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मॅडम, कागद नुसता कंपनीसाठी हाय म्हणताय न्हवं?"

"हो."

"मंग कर्ज फिटलं की माझं नाव परत लागतं का?"

इतक्या वर्षांत इतक्या बायकांपुढे बसले, हे कुणी विचारलं नव्हतं! मी म्हटलं, विचारून सांगते. कुणाला विचारणार? नाही लागत परत नाव. मला चांगलं ठाऊक आहे. चहा अर्धा ठेवून उठले.

२० फेब्रुवारी

कुणालाच विचारलं नाही.

२४ फेब्रुवारी, सोमवार

निरोप समारंभाची तयारी सुरू झालीय. विश्वजितला भाषणासाठी माहिती हवी. "मॅडम, किती घरं झाली असतील तुमच्या हातून?" म्हटलं, लिही हजार. "हजारच्या वर लिहितो," म्हणाला. लिही बाबा.

खोटं मात्र नाही ते. तासगाव रोडनं जा, मिरजेत जा, कराडला मलकापुरात जा – माझी घरं दिसतात. पगाराची चिठ्ठी आयुष्यात न पाहिलेली माणसं. वेल्डर, भेळवाला, घरी शिवणकाम करणारी. दुसऱ्या कंपन्या दारात उभं करत नव्हत्या. मी भेळेच्या गाड्याशेजारी स्टूल टाकून संध्याकाळभर बसलेय, धंदा खरंच किती होतो बघायला. फुकटच्या भेळेनं पोट बिघडलं होतं दोन दिवस! त्या माणसानं घर बांधलं, मग वरचा मजला भाड्यानं दिला, त्या भाड्यावर मुलगी फार्मसी शिकली. ही माया जमली ती घरामुळेच. ह्याचा अभिमान मला होता. आहे.

पण त्या फायलींत बहिणीही आहेत. सगळ्यांच्या सह्या मीच घेतलेल्या.

४ मार्च, मंगळवार

मिरज मार्केटात मागून हाक आली. "मॅडम! वळखलं न्हाई व्हय?"

नव्हतं ओळखलं. मेहरुनबी. हिच्या भावाचं, अमीरचं कर्ज मी २००९ साली केलं होतं. तिची सही घ्यायला दोनदा गेले होते, दुसऱ्या खेपेला दिवेलागणीपर्यंत बसले. तेव्हा अंगानं भरलेली होती, आता पार वाळलीय. मार्केटच्या मागे भाड्याच्या खोलीत एकटी राहते. नवऱ्यानं दुसरं लग्न केलं.

"भावाचं घर लय झ्याक झालं मॅडम. दुमजली. ईदला बलावत्यात."

मी म्हटलं, मग तिथेच का नाही राहत? हे विचारायची लाज वाटायला हवी होती मला. ती हसली. "तुमी म्हणाला हुता, दार कायम उघडं ऱ्हाईल. ऱ्हातंय की. पावण्याला असतंय तसं."

राग नाही, टोमणा नाही. उलट माझ्या गुडघ्यांची चौकशी केली. मी चहा घेऊ म्हटलं, तर म्हणाली रोजा हाय. एवढंही सुचलं नाही मला. एक किलो खजूर घेऊन तिच्या पिशवीत टाकले. खजूर! दुसरं काय देणार होते?

घरी येऊन रडले. हे म्हणाले, गुडघे दुखतायत का? हो म्हटलं.

६ मार्च

विश्वजित : "मॅडम, मार्चएंड आहे. पाटोळेची सही दहा तारखेला पाहिजेच. तुमच्या डाव्या हातचा मळ आहे!"

१० मार्च, सोमवार

गेले. हक्कसोडाचा मसुदा पर्समध्ये होता. बाहेर काढलाच नाही.

बहीण-भाऊ बोलत नाहीत एकमेकांशी. महिना झाला. राजेश्वरी आणि मुलगी मागच्या खोलीत वेगळी चूल करतात. घर एकच, तेही अर्धं पाडलेलं, आणि त्यात चुली दोन! मी दोघांना समोरासमोर बसवलं. राजेश्वरी माझ्याकडेच बघून बोलत होती.

"मॅडम, माझं नाव काढायची गरजच काय? ऱ्हाऊ द्या की. मी बी कर्जात येते. माझा पगार बँकेत जमा हुतोय. हप्त्यात माझा वाटा मी देते. घर दोगांचं."

ताडपत्रीआडून धनाजीची बायको म्हणाली, "आन उद्या ह्येंच्या पोरीनं जावई आणून बशिवला म्हंजे?"

"तू गप," धनाजी म्हणाला आणि एकदम माझ्यावरच उखडला. "मॅडम, आक्काला मी कवा म्हणलो घर सोड म्हणून? इचारा तिला! हक्कसोड आणा म्हणून तुमीच सांगितलं. आमच्या डोस्क्यात बी नव्हतं. मला वाटलं, त्याबिगर तुमच्यात कर्जच मिळत न्हाई. तुमचा कागद घरात आला आन आक्का माझ्या घरचा घास खाईना!"

राजेश्वरीनं पहिल्यांदा भावाकडे बघितलं. तिला वाटत होतं, हे त्याच्याच मनातलं.

मी कायम समजत आले की भावांची हाव असते, आणि मी मधे पडून गोडीगुलाबीनं मिटवते. किती ठिकाणी असेलही तसं. पण किती ठिकाणी ती हाव आम्हीच छापील यादीतून घरात नेऊन ठेवली? कागदपत्रांच्या यादीत हक्कसोडपत्र सातव्या क्रमांकावर आहे. दरवेळी मीच खूण करायचे त्यापुढे.

११ मार्च, मंगळवार

विश्वजितला सांगितलं, फाइल बहिणीचं नाव ठेवून पाठवू. दोघं मालक, दोघं कर्जदार.

"बहीण? मॅडम, नवरा-बायको असतात, बाप-लेक असतात. भाऊ-बहीण कुठे असतात? आपले वकीलसाहेब वैतागतील. हेड ऑफिस दहा प्रश्न काढून परत पाठवेल."

"पाठवून बघितलंयस कधी?"

"नाही. तुम्ही?"

मीही नाही.

म्हटलं, मी पाठवते, माझ्या सहीनं. आली परत तर बोल माझ्या नावानं. "जाता जाता कशाला वाईटपणा घेताय?" म्हणाला. मनानं चांगलं आहे पोरगं. मीही चांगलीच होते.

१५ मार्च, शनिवार

राजेश्वरीचे कागद जमवण्यात आठवडा गेला. पगाराचं पत्र द्यायला कोल्ड स्टोरेजचा मुनीम काचकूच करत होता. बायकांना कशाला लागतंय म्हणे! जाऊन बसले त्याच्यापुढे. भेळवाल्यापुढे बसायचे तशी. दिलं झक मारत.

१९ मार्च, बुधवार

फाइल गेली. सोबत तीन पानी पत्र. कोण काय विचारेल, त्याला काय उत्तर द्यायचं, सगळं वेगळ्या कागदावर लिहून ठेवलंय. वकिलांशी सकाळी वाजलं थोडं. ते म्हणाले, मॅडम, सोपा रस्ता असताना तुम्ही काट्यातून का जाताय? त्यांना तरी काय सांगू!

संध्याकाळी धनाजीचा फोन. कालपासून आक्का त्याच्याकडे जेवते. "मॅडम, न्हाईच झालं मंजूर, तर?"

नाही झालं, तर ताडपत्रीत पावसाळा काढता येणार नाही. म्हणजे सही लागणारच. आणि ती घ्यायला मलाच पाठवतील. मी जाईन का? नाही म्हणायची हिंमत आहे का माझ्यात? रिटायर व्हायला बारा दिवस उरलेत आणि हे मला आज माहीत नाही. धनाजीला म्हटलं, देव करील ते. त्याला काय कळायचं ते कळलं. फोन ठेवला त्यानं.

लय दमले. झोपते.

२१ मार्च, शुक्रवार

मंजूर. दोघांच्या नावानं. दोन दिवसांत. हेड ऑफिसमधून कुणी एक प्रश्नसुद्धा विचारला नाही.