पुंजण्यातली धग

९ डिसेंबर १९७८, एकोडी
कापलेल्या धानावर पाऊस पडला. भासऱ्यांनी ओलेच भारे रचून पुंजणा उभा केला, तोही शेजारच्या सखूबाईच्या पुंजण्याला खेटून. खरीवर, म्हणजे मळणीच्या खळ्यावर, सहा घरांचे पुंजणे एका ओळीत. मी यांच्याकरवी निरोप धाडला, अंतर ठेवा. इथं भासरे, म्हणजे थोरला दीर, आणि भावसून, म्हणजे धाकट्या भावाची बायको, एकमेकांशी बोलत नाहीत, त्यामुळे उत्तरही यांच्याकडूनच आलं : "जवळ रायले तं एकच राखन पुरते. तिले म्हना, पोरायले शिकव."
शिकवलंच. वर्गात पेटत्या दिव्यावर पेला पालथा घातला. विझला. हवा नाही तर आग नाही. पोरांना कळलं.

१३ डि.
पुंजण्यात कोपरापर्यंत हात घातला. चटका बसला. आंबूस वास. ओलं धान आतून तापतं. यांना सांगितलं. हे जेवून सांगणार. जेवून झोपले.

१४ डि.
दुपारी धूर. शाळा सोडून धावले. भासरे वर चढून भारे उपसत होते. गरम पुंजणा फोडून वाफ काढायची ही इथली रीत. धूर नसेल तर बरोबरच आहे. पण धूर म्हणजे आत विस्तव, हवेवाचून घुसमटलेला. वाट दिली की भडकणार. यांना सांगू तर हे साकोलीला. सासूबाई घरी.
मग मीच ओरडले, "दादा, फोडू नका! आधी पाणी!"
सगळी खरी माझ्याकडे वळली. भासरे माझ्याकडे न बघता म्हणाले, "वाफ कोंडली हाये, मोकडी करू द्या." पुढचा भारा ओढला आणि जाळ वर आला. भासऱ्यांनी उडी मारली म्हणून ते वाचले.
सखूबाईच्या पुंजण्याला जाळ शिवलाही नव्हता, तरी त्याची बाजू नुसत्या धगीनं काळी पडायला लागली. ओली पोती टाकली, भारे दूर वाहिले. तिचा पुंजणा वाचला. आमचं वर्षाचं धान गेलं.

१६ डि.
घरात चर्चा आगीची नाही. मी भासऱ्यांशी तोंडावर बोलले, डोक्यावर पदर नव्हता, याची. सासूबाई : "पाया पड अन् मोकडी हो. कायले वाढवतेस?" हेही म्हणतात, पड.
पडणार नाही. धान गेलं याचं रडू येतं, बोलले याचं नाही. उलट एक दिवस आधी ओरडायला हवं होतं. चूक झाली ती तेवढीच.

२ फेब्रु. १९७९
माझं ताट वेगळं वाढतात. मी खोलीत खाते. भूक चांगली लागते.

६ डि. १९७९
खरीवर राखेच्या खुणा केल्या. दोन पुंजण्यांत वीस पावलं. बायका हसल्या. सखूबाई मात्र हसली नाही, तिनं पहिला भारा माझ्या खुणेवर टाकला. भारा वाळलेला आहे का, तेही हात घालून बघितलं.
तिसऱ्या प्रहरी भासऱ्यांची भाऱ्यांनी भरलेली बंडी आली, सोबत सासूबाई. जुन्या जागेपाशी थांबली. मग भासरे सासूबाईंना म्हणाले, "इचारा तिले, किती पावलं सोडाची?"
सासूबाई माझ्याकडे वळल्या. मी सासूबाईंकडे पाहिलं नाही. सरळ म्हटलं, "वीस, दादा."
दिवे लागले तरी बंडी तिथंच उभी होती. बैल अजून सोडले नव्हते, एकही भारा उतरवला नव्हता, ना जुन्या जागी ना माझ्या खुणेवर.