समुद्रातल्या मेंढ्या

जळकोट, १९६२

बिराप्पादादास, धाकट्या गजराचा नमस्कार.

तुम्ही युगोस्लाव्हियात जहाजं बांधायचं काम शिकायला गेलात आणि येत्या उन्हाळ्यात मायला तिकडं नेऊन लहान बोटीनं एड्रियाटिक समुद्राच्या काठाकाठानं हिंडवायचं ठरवलंत. तिथल्या बेटांवर मेंढ्या चरतात, असं तुम्ही लिहिलंत. तेव्हापासून माय गावभर सांगत सुटली, "माझा बिरू मला समुद्रातल्या मेंढ्या दाखवणार हाय."

दादा, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मायला लकवा झाला. उजवं अंग गेलं. उस्मानाबादचे डॉक्टर म्हणाले, आता ती उभी राहणार नाही. तुम्हाला कळवायला बसले, तर तिनं डाव्या हातानं माझं मनगट धरलं. अडखळत म्हणाली, "कळवू नगं. काम सोडून पळत यील. माझी आण हाय तुला."

काल तुमचं पत्र आलं. बोटीत जागा धरलीत, माय पाण्याला भिईल का, असं विचारलंत. तिला वाचून दाखवलं, तर हसली.

"भीत न्हाय म्हणावं. अन् तिकडली लोकर कशी हाय, तेवढं इचार."

तेवढंच लिहून आज सकाळी टपालपेटीत टाकून आले. हे दुसरं पत्र टाकायला हात धजत नाही.

तुमची,
गजरा