घर, मशीन आणि लेकीच्या माथ्यावरचा दोष

मी, खाली सही करणारी, शवपेट्यांना आतून अस्तर शिवणारी विधवा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला जोडला आहे. धाकट्या लेकाला तो पुरेसा वाटत नसेल तर त्याने माझ्याशी एकदा भांडून पाहावे. नवरा सुतार, हाताचा नेटका आणि तोंडाचा फटकळ. तो रंधा मारायचा, मी शिवायची, आणि आमचे छान चालले. मी सुखाने जगले, तक्रार नाही.

शिवणाचे मशीन, कात्र्या आणि पांढऱ्या कापडाचे उरलेले तागे लेकीस. सुतारकामाची सगळी हत्यारे धाकट्यास. पटाशीने त्याने पुन्हा रंगाचे डबे उघडू नयेत. गेल्या वेळचे मी विसरले नाही.

राहते घर व खालचे दुकान दोघांना निम्मे निम्मे. मात्र ते विकणे, गहाण टाकणे किंवा दान देणे दोघांच्या सह्यांशिवाय होणार नाही. ‘दान’ हा शब्द मी वकिलांकडून मुद्दाम घालून घेतला, कारण धाकटा अजून घड्याळवाल्यांच्या सभेला जातो. घड्याळवाले म्हणजे नव्या सभागृहातले पाळक. प्रवचनात ते हात इतका उंच करतात की मनगटावरचे घड्याळ शेवटच्या रांगेलाही दिसते. देवाच्या कामात पैसा पेरा, दामदुपटीने उगवेल, असे ते शिकवतात. ज्याचा उगवत नाही त्याचा विश्वास उणा. धाकट्या, देव सावकार नाही आणि हे घर बियाणे नाही. रागावू नकोस. खोटा शिक्षक ओळखायचा तर त्याला व्यासपीठावर बघू नकोस, आजाऱ्याच्या खाटेपाशी बघ. बरे होण्याची हमी देऊन, माणूस गेल्यावर घरच्यांना दोष देणाऱ्यापासून लांब राहा. आपले म्हातारे पाळक हमी कसलीच देत नाहीत, पण माझ्या जावयाचे, तुझ्या भाऊजींचे, घाण झालेले अंथरूण बदलताना मी त्यांना पाहिले आहे.

आता लेकीचे कलम. खरे तर याचसाठी मी लिहायला बसले.

जावयाची मूत्रपिंडे गेली तेव्हा घड्याळवाले आले, डोक्यावर हात ठेवून म्हणाले, “बरा झालास. आता औषध घेणं म्हणजे अविश्वास.” लेकीने त्यांच्यासमोर मान डोलावली आणि त्यांची पाठ फिरताच वेळच्या वेळी गोळ्या दिल्या. जावई गेलाच. तो वाचणार नाही हे डॉक्टरांनी आधीच सांगितले होते. पण घड्याळवाल्यांना गोळ्यांचे कळले, आणि ते उघड्या पेटीपाशी उभे राहून तिला म्हणाले, “ताई, तुम्ही लपून गोळ्या दिल्यात, तिथंच देवाचा हात अडला.” तेव्हापासून माझी लेक उपासनेला येते, मागच्या बाकावर बसते आणि तोंड उघडत नाही. तिच्यासारखा गळा आमच्या मंडळीत कुणाला नाही. मी समजावले, म्हाताऱ्या पाळकांनी समजावले. तिच्या मनातून ते जात नाही, आणि मला ते बघवत नाही.

आमच्या दुकानाची एक रीत आहे. अस्तरात मृताच्या उजव्या हाताशी मी छोटा खिसा शिवते. घरच्यांनी त्यात काय ठेवले ते मी कुणाला सांगत नाही. नवऱ्यालाही कधी सांगितले नाही; विचारून विचारून बिचारा थकला. ती रीत मी आज एकदाच मोडते.

घड्याळवाल्यांची आई गेल्या हिवाळ्यात वारली. ते मागच्या दाराने आले. “अस्तर जाड लावा, तिला थंडी सोसत नाही,” म्हणाले. मग खिशात ठेवायला त्यांनी आईच्या हृदयाच्या गोळ्यांची डबी काढली, वारांचे कप्पे असलेली. “दर रविवारी सभेला निघण्याआधी मीच भरायचो. ती हिच्याशिवाय कुठं जायची नाही,” म्हणाले आणि लहान मुलासारखे रडले. मला संताप आला आणि कीवही आली; दोन्ही खरे. त्यांना पाणी दिले, आणि अस्तर जाडच लावले.

तर पोरी, त्यांनी आईला गोळ्या दिल्या त्या मायेने. तू नवऱ्याला दिल्यास त्याही मायेनेच. त्यांच्या हातून तो अविश्वास नव्हता, मग तुझ्या हातून कसा होईल? तुझा नवरा आजाराने गेला. त्याच्या शेवटच्या दिवसांत त्याला जो थोडा आराम पडला, तो तुझ्यामुळे. मी तोंडाने सांगितले असते तर ‘आई आहेस, तू असंच म्हणणार’ म्हणून तू उडवून लावले असतेस. मृत्युपत्राशी वाद घालता येत नाही. हवे तर वकिलांना विचार. मात्र ही गोष्ट तुम्हा दोघांपुरती ठेवा. ती तुझे ओझे उतरवायला दिली आहे, त्यांच्या तोंडावर मारायला नाही.

माझ्या दफनाच्या उपासनेत लेकीने पुढच्या बाकावर बसावे आणि गावे. आवाज बसला असेल तर बसलेल्या आवाजात गावे.

हे सर्व मी राजीखुशीने, कुणाच्या दबावाला किंवा शापाला न भिता लिहिले आहे.

सही: अस्तरवाली मावशी
ठिकाण: दुकानाची मागची खोली
दिनांक: रविवार, उपासनेनंतर

साक्षीदार पहिले: शेजारी, नळकाम करणारे (सही)

साक्षीदार दुसरे: मंडळीचे पाळक (सही)
साक्षीदाराने मजकुरात भर घालू नये असे वकील म्हणतात. तरी लेकीसाठी लिहितो: रक्तदाबाची गोळी मीही घेतो, रोज सकाळी, प्रार्थना झाली की लगेच.