मामीच्या वाचकाची बोलती बंद

चि. भाचीबाईस मामाचे पोटभर आशीर्वाद.

आम्ही दोघं खुशाल. तुझी तब्येत, झोप आणि जेवण (तुझ्याकडे या तिन्हींची बोंब असते) कसं आहे ते कळव. माझे गुडघे कुरकुरतात. पण घड्याळं दुरुस्त करण्यात चाळीस वर्षं गेली, कुरकुर ऐकायची सवय आहे.

मुख्य बातमी अशी, की माझ्या हातून घोटाळा झाला. मामीची नजर गेल्यावर तू कॉम्प्युटरच्या कॅमेऱ्यासमोर पुस्तक धरलं की वाचून दाखवणारा प्रोग्रॅम बसवून दिलास, तो गेल्या आठवड्यात मुका झाला. झालं असं, की म्हातारपणी मलाही प्रोग्रॅमिंगची हुक्की आली आणि मी बुद्धिबळाचा खेळ लिहायला घेतला. त्याला एका लायब्ररीचं नवं व्हर्जन हवं होतं. (लायब्ररी म्हणजे इतरांनी लिहून ठेवलेला आयता कोड, हे मी तुलाच सांगतोय! मामीला समजावून समजावून खोड लागली.) मी बेधडक अपडेट केलं. मामीच्या प्रोग्रॅमला नेमकं जुनंच लागत होतं. तिने बटण दाबलं, तर चकार शब्द नाही. जुनं परत घातलं, तर माझा घोडा पटावर हलेना. दिवसभर हेच, घाल आणि काढ. प्रत्येक प्रोजेक्टला त्याचं वेगळं एन्व्हायर्नमेंट करून द्या, म्हणजे एकाच्या सामानाला दुसऱ्याचा धक्का लागणार नाही, असं तू तीनदा बजावलं होतंस. मीही तीनदा ‘हो हो’ म्हणालो होतो.

मामी रागावली नाही. अर्धी राहिलेली कादंबरी मांडीवर घेऊन नुसती बसून राहिली. रागावली असती तर बरं. शेवटी मीच चष्मा चढवला आणि वाचायला लागलो. पहिल्या पानावर सात वेळा अडखळलो, इन्स्पेक्टर आणि मोलकरीण दोघांना एकच आवाज दिला. पाचव्या पानावर ती म्हणाली, “मशीन स्वल्पविरामाला थांबतं. तुम्ही दम लागला की थांबता.” मी पुस्तक मिटायला लागलो, तर म्हणाली, “वाचा हो. बरं वाटतंय.”

लग्नाला एक्केचाळीस वर्षं झाली. असं प्रशस्तिपत्रक पहिलंच.

मंगळवारी तुझ्या सूचना शोधून दोन फोल्डरांत दोन वेगळी एन्व्हायर्नमेंट केली. एकात तिचा वाचक, जुन्या व्हर्जनसकट. दुसऱ्यात माझा घोडा. दोघेही ठणठणीत. काळजी नसावी.

तुझा,
मामा

ता. क. : प्रोग्रॅम सुरू झाल्याचं मामीला मी सांगितलेलं नाही. तूही बोलू नकोस. कादंबरी संपत आली, एखादी जाडजूड पाठव.

पुन्हा ता. क. : लिहिलेलं मोठ्याने वाचून बघत होतो, तर मामी दारातच उभी. म्हणाली, “मंगळवारी तुम्ही ते चालवून बघत होतात, ऐकलंय मी. एक नको, दोन मागवा.”